वाचून दाखवणारा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरात तीन खोकी आली आणि त्यांच्यामागून एक माणूस आला. खोक्यांत नव्या संगणकाचे सुटे भाग होते. माणूस बायकोच्या कॉलेजातला. एकेकाळी अंगानं किडकिडीत होता म्हणून सगळे त्याला काडी म्हणायचे. आता पोट चांगलं सुटलंय, पण हिला ते नीट दिसत नाही, त्यामुळे हिच्या लेखी तो अजून काडीच आहे.

हिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग दोन वर्षांपूर्वी गेला. समोर बघितलं की राखाडी ढग येतो, कडेकडेनं उजेड आणि धूसर आकार कळतात. तेवढ्यावर ती घरात वावरते, चहा करते, झाडांना पाणी घालते. अक्षर मात्र लागत नाही, आणि हिचा जन्म अक्षरांत गेलेला. ही भाषांतरं करते. नजर गेली तेव्हापासून मी मूळ मजकूर वाचतो, ही मराठी सांगते आणि मी टाईप करतो. वॉशिंग मशीनच्या पुस्तिका, औषधांच्या खोक्यातली पत्रकं असलं काम असतं. मी पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नळांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर असं काही करायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचं उत्तम चाललंय.

काडीचं म्हणणं, एक प्रोग्राम असतो, तो स्क्रीनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. आमच्या जुन्या संगणकाला तो झेपणार नाही, म्हणून हा सुटे भाग जोडून नवाच तयार करणार. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालाय, हा आता छंद.

"म्हणजे मला वाचून दाखवायला कोणी नको," ही म्हणाली.

"कोणीच नको, टिटवे."

मी रिकामे कप उचलून आत गेलो. ही वर्गात अखंड बडबडायची म्हणून तिचं नाव टिटवी पडलं होतं म्हणे. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. ही टिटवी मला आज पहिल्यांदा भेटली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर जेवणाच्या टेबलावर जोडणी चालली होती. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून जेवलो. तो टेबलापाशीच बसून जेवला, कारण त्याला मध्येच उठायचं नव्हतं.

त्याचं एक मान्य करतो, तो हिला नुसतं बसवून ठेवत नाही. मेमरीची पट्टी हिच्या हातात दिली, खाच कुठे आहे ते बोटानं दाखवलं आणि म्हणाला, "दोन्ही टोकांना टक् असं वाजेपर्यंत दाब." ही घाबरली होती. मग टक् वाजलं आणि ही अशी हसली की मी पेपर खाली ठेवला.

मग माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलं. त्याला टॉर्चशिवाय दिसत होतं आणि हिला टॉर्च असून उपयोग नव्हता. मी तो नेमका कोणासाठी धरला होता, कळलं नाही.

आणखी एक. त्याला ही "अरे काडी, थांब ना" म्हणते. मला "अहो". आमच्या घरची पद्धत तशी होती आणि पुढे तेच पडून गेलं. त्यात गैर काही नाही. पण आज दोन्ही हाका एकाच टेबलावर ऐकल्या आणि "अहो" हा एखाद्या दुकानदाराला मारलेल्या हाकेसारखा वाटला.

८ फेब्रुवारी, रविवार

संगणक सुरू झाला. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीनवर काळ्यावर पांढरी एक ओळ आली. काडी म्हणाला, काही बिघडलेलं नाही, आत ऑपरेटिंग सिस्टीम नाही एवढंच यंत्र सांगतंय. ती बसवल्याशिवाय हे नुसतं खोकं. ती एका पेनड्राइव्हवर घालून त्याने आणली होती. बसवायला सुरुवात करणार तेवढ्यात त्याच्या बहिणीच्या घरून फोन आला. तिचं अचानक ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याला परगावी जायला हवं होतं.

"तुम्ही दोघं करू शकाल," तो मला म्हणाला. "सुरुवातीच्या पडद्यांवर तो आवाज नसतो. सिस्टीम बसली की येईल. तोवर तुम्ही वाचायचं आणि टिटवी सांगेल ते बटण दाबायचं. तेवढ्यापुरते डोळे लागतील."

तेवढ्यापुरते. हा शब्द त्याने सहज वापरला. मी दिवसभर तो चघळतोय.

संध्याकाळी ही म्हणाली, "संगणक झाला की मी त्या प्रकाशकांना कळवते. ती जाड रहस्यकथा अजून कोणी केलेली नाही."

मी म्हणालो, त्यासाठी संगणक कशाला, मी आहे ना. ही म्हणाली, "बघू." मागच्या वर्षी मी तिला त्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचून दाखवली होती. मी शेवट आधी बघून ठेवला होता, म्हणजे वाचताना योग्य त्या माणसाच्या बोलण्यावर भर देता येतो. डॉक्टरच्या संवादांवर मी जरा भर दिला तर ही म्हणाली, "राहू दे, खुनी कळला." तेव्हा मला तिच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी आम्ही संगणकापुढे बसलो. मी पेनड्राइव्ह लावला, काडीने सांगितलेलं बटण धरून ठेवलं. स्क्रीन काळी झाली आणि मग एकदम निळी. मधोमध मोठ्या अक्षरांत भाषा निवडा, खाली 'पुढे' असं बटण. इतक्या सरळपणे काही होईल असं मला वाटलंच नव्हतं. आणखी तासाभरात तो आवाज या खोलीत बोलायला लागला असता.

"काय आलं?" हिने विचारलं.

मी म्हणालो, "तेच. काळं. तीच ओळ."

का म्हणालो? तोंडातून गेलं. उद्या करू, परवा करू, थोडे दिवस जाऊ देत, एवढंच मनात होतं.

ही मान वळवून खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बसली. हिरमुसली असणार. मग म्हणाली, "काळंच आहे?"

"काळंच."

"बरं," ती म्हणाली आणि उठून झाडांना पाणी घालायला गेली. मी यंत्र बंद केलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तसा मी काही गुन्हा केलेला नाही. सिस्टीम कुठे पळून जात नाही.

दुपारी काडीचा फोन आला. बहीण बरी आहे म्हणे. ही गॅलरीत उभी राहून त्याच्याशी बोलत होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होतो. शब्द कळत नव्हते, नुसता सूर कळत होता. कॉलेजातल्या कुठल्याशा सरांवरून दोघं हसत होते. मग आवाज खाली आला आणि ही बराच वेळ नुसतं ऐकत होती.

आत आल्यावर मी सहज विचारलं, "संगणकाचं सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसंच सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, पुन्हा एकदा बघा. आपण बघू या?"

आज माझं डोकं दुखत होतं, खरंच दुखत होतं. उद्या बघू म्हणालो.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा बसलो. पुन्हा निळं आलं. मी पुन्हा काळं सांगितलं. या वेळी तर ही माझ्याजवळ, खांद्याला खांदा लावून बसली होती. तोंड दुसरीकडेच होतं, पण हात माझ्या हातावर होता. म्हणाली, "घाई नाही. नीट बघून सांगा. जे असेल ते सांगा."

मी नीट बघितलं आणि काळंच सांगितलं.

तिने हात काढून घेतला. मला वाटतं तिची आशा सुटत चालली आहे. वाईट वाटलं, पण त्यातच बरंही वाटलं, हे इथे लिहून ठेवतो कारण दुसरीकडे कुठे सांगता यायचं नाही.

संध्याकाळी कफाच्या औषधाचं पत्रक भाषांतराला घेतलं. मी वाचत होतो. एका वाक्यापाशी ही म्हणाली, "हे पुन्हा वाचा." मी वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा म्हणाली, "असंच लिहिलंय ना? तुमच्या मनाचं काही नाही ना?"

असं तिने याआधी कधी विचारलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काडी परत आला आणि स्टेशनवरून सरळ आमच्याकडे. बॅग दारातच ठेवली. एवढी कसली घाई ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

त्याने यंत्र सुरू केलं. काळं, मग निळं. त्याचा हात बटणावर थांबला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग म्हणाला, "पेनड्राइव्ह सैल बसला असेल. होतं असं."

तो मला सांभाळून घेत होता. मला थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

ही म्हणाली, "काडी, आज पुढे करू नकोस. बाकीचं आम्ही दोघं करू."

त्याला खालपर्यंत सोडायला मीच गेलो. खाली पोचल्यावर तो थांबला. म्हणाला, "हा वाचणारा प्रोग्राम मी माझ्या बायकोसाठी शिकलो होतो. तिची नजर शेवटी शेवटी अशीच गेली. त्याआधी तिचे तपासण्यांचे कागद मी वाचून दाखवायचो, आणि मधल्या काही ओळी गाळायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणायची, तुम्ही वाचता तेव्हा मला कागद ऐकू येत नाही, तुम्ही ऐकू येता."

त्याची बायको वारली होती, आणि तरी मला त्याचा राग येत होता. त्याचं म्हणणं पटलं म्हणून जरा जास्तच.

वर आलो तर ही तशीच बसली होती. स्क्रीन सुरूच होती.

"स्क्रीन निळी आहे," ती म्हणाली.

"हो."

"मागच्या बुधवारीही होती. रविवारीही होती."

मी खुर्ची ओढून बसलो.

"अहो, मला अक्षर दिसत नाही. उजेड दिसतो. मान वळवली की काळं काय आणि निळं काय एवढं कळतं मला. तुम्हाला हे माहीत आहे. डॉक्टरांकडे प्रत्येक वेळी तुम्हीच तर सोबत असता."

माहीत होतं. त्या दोन्ही दिवशी ती खिडकीकडे बघत नव्हती, डोळ्याच्या कडेनं स्क्रीनच बघत होती. आणि मी हिरमुसली म्हणून लिहिलं. वर लिहिलंय ते खोडत नाही.

"मला वाटलं होतं, रविवारी तरी सांगाल," ती म्हणाली. "जेवताना तरी. आज तो यायच्या आधी तरी."

"त्याला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझा नवरा मला खोटं वाचून दाखवतो म्हणून?"

मग ती म्हणाली ते वाक्य मी दिवसभर टाळतोय. म्हणाली, "माझ्या थेंबांच्या बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचता. बँकेचा कागद तुम्ही वाचता आणि मी सही करते. दोन वर्षं एकदाही मनात आलं नाही की हा माणूस दुसरंच काही वाचत असेल. आता येईल. प्रत्येक वेळी येईल. हे तुम्ही का केलंत?"

मला म्हणायचं होतं की तू त्याला 'अरे' म्हणतेस म्हणून. हे तोंडातून कसं काढायचं? मी एवढंच म्हणालो, "मग मला काय काम उरलं असतं?"

ती मग म्हणाली, "म्हणजे मी आंधळी होते ते तुम्हाला सोयीचं होतं."

मी "नाही" म्हणालो. ते तिला पटलं की नाही, माहीत नाही. मला पुरतं पटलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काम बंद आहे. बोलणं आहे, पण कामापुरतं. आज तिने डोळ्यांचे थेंब घालताना बाटली खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून वाचून घेतली. मी घरातच होतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा झाल्यावर मी म्हणालो, "बसायचं का? मी सगळं वाचीन. एक शब्द गाळणार नाही."

ती आली. खुर्ची जरा लांब घेतली, पण आली.

मी पहिल्यापासून वाचलं. भाषा, घड्याळ, कीबोर्ड. मग परवान्याच्या अटी आल्या. लोक म्हणे त्या न वाचताच 'मान्य' करतात. मी पहिल्या कलमापासून सुरुवात केली. कुठेही भर दिला नाही, कोणालाही आवाज काढून दाखवला नाही. तीन कलमं झाल्यावर ती म्हणाली, "पुरे." मी म्हणालो, "लिहिलंय ते वाचतोय." आणखी दोन झाली. सहाव्या कलमाला तिच्या नाकातून एक बारीक आवाज आला. हसू होतं की वैताग, सांगता यायचं नाही. म्हणाली, "अहो, मान्य आहे म्हणून टाका. ऐकूनच माझं नरडं कोरडं पडलं."

मग सिस्टीम कोणत्या डिस्कवर बसवायची ते विचारलं. इथे चूक झाली तर काय, या भीतीनं मी ती ओळ तीनदा वाचली. तिने सांगितलं, मी दाबलं. टक्के वाढायला लागले. मी प्रत्येक आकडा सांगत होतो. मध्ये बावन्नवर अडकलं. आता खरंच अडकलं होतं आणि तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा?

"बावन्न," मी म्हणालो. "अजून बावन्नच आहे. खरंच आहे."

तिने मान वळवली नाही. सरळ समोर, जिथे तिला काहीच दिसत नाही तिथे बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे. थांबू."

थोड्या वेळानं त्रेपन्न झालं. ते मी जरा मोठ्यानंच सांगितलं.

शेवटी वापरणाऱ्याचं नाव विचारलं. मी तिचं नाव टाईप करायला घेतलं.

"ते नको," ती म्हणाली. "टिटवी टाका."

मी थांबलो. ती थांबली. मग मी तिला विचारलं, "पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?" तिने सांगितलं, ऱ्हस्व. मी टि लिहिला, ट लिहिला, वी लिहिली. माझ्याच हातानं लिहिलं. फार काही झालं नाही. एक नाव होतं.

यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि खोलीत एक पुरुष बोलला. म्हणाला, "टिटवी, स्वागत आहे." मराठी उच्चार जरा आखडलेले होते, पण शब्द स्पष्ट. हिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी उठलो आणि उगाच यंत्राच्या पंख्याची जाळी बघितली.

२ मार्च, सोमवार

आवाज बदलता येतात. बायकांचे दोन आहेत, पुरुषांचे तीन. हिने पुरुषाचाच ठेवला. मी विचारलं, का? म्हणाली, "बायकांचा आवाज ऐकला की मला वाटतं, शाळेच्या बाई रागावतायत." उत्तर पटण्यासारखं आहे. तरी तो सकाळी उठल्या उठल्या तिच्या कानाशी लागलेला असतो, हे मला आवडत नाही. त्याला कधी खोकला येत नाही. त्याचा घसा बसत नाही. तो डॉक्टरच्या वाक्यावर भर देत नाही.

काडी आता फोनवरच सांगतो काय ते. परवा तो आला तेव्हा मी चहा केला आणि बसून राहिलो. त्याच्या बायकोबद्दल दोन गोष्टी विचारल्या. तो बराच वेळ बोलत होता. मधेच ही म्हणाली, "काडी, तुला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं." मला बरं वाटलं, आणि ते का वाटलं हे मला चांगलंच कळलं.

प्रकाशकांचा होकार आला. कादंबरी तिची. मला टाईप करायचं नाही. ती करते, जुन्या सवयीनं, न बघता. चुका तो आवाज सांगतो.

थेंबांची बाटली आज तिने माझ्या हातात दिली. मी वाचलं. तिने पुन्हा विचारलं नाही. नर्सबाईंकडेही गेली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

९ मार्च, सोमवार

गेले काही दिवस तो आवाज फारच भराभर बोलायला लागला आहे. काडीने तिला वेग वाढवायला शिकवलं. आज मी भाजी निवडायला घेऊन त्याच खोलीत बसलो आणि मला एक शब्द कळला तर शपथ. शेंगदाणे पत्र्यावर ओतल्यासारखा आवाज. ही मात्र मान हलवत ऐकत होती, मध्येच थांबवायची, दोन ओळी टाईप करायची, पुन्हा सुरू.

मग ती हसली, चांगली खदखदून.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, पुस्तकातलं आहे."

पुन्हा शेंगदाणे. पुन्हा हसली. मी भाजीकडे बघत होतो. दोन वर्षं या घरात जे वाचलं गेलं ते आधी माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. आज माझ्या नाकासमोर कोणीतरी तिला गोष्ट सांगत होतं आणि मी बहिरा बसलो होतो. मी उठून जाणार होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला असेल.

"अहो, कुठे निघालात?"

"तुझं चालू दे. मला काय कळतंय त्यातलं."

तिने यंत्र थांबवलं. थोडा वेळ काही बटणं दाबत होती. मग तो पुन्हा बोलायला लागला, आणि या वेळी हळू. अगदी हळू, एकेक शब्द सुटा. तिला आता इतकं हळू ऐकणं जिवावर येत असणार. त्या पानावर एक इन्स्पेक्टर एका म्हाताऱ्याची जबानी घेत होता आणि म्हातारा प्रत्येक प्रश्नाला आपल्या गुडघ्याचं सांगत होता.

मी भाजीचं ताट घेऊन तिच्याजवळ बसलो.

"कळतंय का आता?" तिने विचारलं.

"कळतंय," मी म्हणालो. आणि मग, खरं तेच सांगायचं म्हणून, "जरा अजून हळू कर."

तिने केलं.